घोड्याचा रंग आणि घोडामैदान

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी वसलेल्या सारंगखेडा येथे दत्तजयंतीपासून मोठी यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजारही भरतो, हे वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल. काही वर्षांपूर्वी आम्हांस तेथे जाण्याचा योग आला. घोडा विकत घेण्याचा हेतू नव्हता आणि तेवढी ऐपतही नव्हती; केवळ पाहण्याची हौस होती. एका दावणीला एक कुमाईत घोडी बांधलेली होती. रुंद छाती, कोरडे व स्वच्छ पाय, बोलका डोळा. एका गिऱ्हाइकाने तिचे दात पाहिले, चारी खूर उचलून पाहिले, दुडकीवर पळवून पाहिली. सर्व मनासारखे झाले असे त्याच्या मुद्रेवरून दिसत होते. इतक्यात त्याने तिच्या डोळ्याखाली बोट फिरवले, तेथील केसांचा भोवरा त्याच्या नजरेस पडला, आणि एक शब्दही न बोलता तो पुढे चालता झाला. मालक आम्हांस म्हणाला, ‘‘काय करावे साहेब? घोडी सोन्यासारखी आहे, पण आसूढाळ आहे.’’ डोळ्याखालचा भोवरा म्हणजे ओघळणारे अश्रू. असे जनावर धन्याच्या घरात रडे आणते, अशी समजूत आहे.

पायांचा आणि या भोवऱ्याचा संबंध काय, हा प्रश्न तेव्हा आमच्या मनात आला तो अद्याप गेलेला नाही. घोड्याचा रंग, त्याच्या अंगावरील पांढरी चिन्हे व भोवरे यांवर आपल्या पूर्वजांनी पुष्कळ विचार केला आहे. दुसऱ्या बाजूस, गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पश्चिमेकडे घोड्याची परीक्षा घेण्याची एक निराळीच रीत रूढ झाली, तिला इव्हेंटिंग असे म्हणतात. एका परीक्षेत घोडा पाहिला जातो, दुसरीत तो धावविला जातो. या दोहोंचा इतिहास एकत्र मांडून पाहावा, असे योजून आम्ही हा लेख लिहिण्यास घेतला आहे.

प्रथम रंगांची नावे पाहू. अंग तांबूस-तपकिरी, पण आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा, तो कुमाईत. अंगाबरोबर आयाळ-शेपूटही तांबडी, तो सुरंग. कस्तुरीसारखा काळा तो मुश्की. फिकट पिवळ्या अंगाचा व काळ्या आयाळीचा तो समंद. काळ्या-पांढऱ्या मोठ्या डागांचा अबलख. करड्यातून पांढरा होत जाणारा सब्जा. आणि मुळात गुलाबी कातडीचा, रुप्यासारखा पांढरा तो नुकरा. चारी पाय व तोंड पांढरे असेल तर तो पंचकल्याणी. हा शब्दसंग्रह एकेकाळी गावोगावच्या पाटलांच्या व शिलेदारांच्या तोंडी होता. आज शहरातील अश्वारोहण शिकणारी मुले ‘बे’, ‘चेस्टनट’, ‘ग्रे’ म्हणतात. त्यांस दोष देण्याचे कारण नाही, कारण कुमाईत, मुश्की, समंद, अबलख हे शब्द तरी आपल्या मातीतले कोठे आहेत? ते अरबी-फारसीतून आले. घोडा आला, त्याच्या पाठीवर बसून त्याच्या रंगाचे नावही आले.

आणि हे येणे मुसलमानी अमलाच्याही आधीचे आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने ‘अभिधानचिंतामणि’ हा संस्कृत कोश रचला. त्यात घोड्यांच्या रंगांची जी नावे आहेत ती पाहून कोणीही संस्कृतज्ञ चकित होईल. कोकाह, खोंगाह, सेराह, खुंगाह, वोल्लाह, उराह, कुलाह, उकनाह! कर्क आणि शोण हे जुने शब्द आहेत, पण हे ‘आह’कारान्त पाहुणे कोणत्याही धातूपासून सरळ निघत नाहीत, आणि ते घोड्यांच्या परदेशी व्यापाऱ्यांबरोबर आले असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. त्याच शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. त्यात घोड्यांची लक्षणे आहेत आणि राजाच्या करमणुकींमध्ये ‘वाजिवाह्याली’ म्हणजे घोड्यांवरून खेळावयाच्या चेंडूच्या खेळाचेही वर्णन आहे. दख्खनच्या राजास आपला घोडा नुसता उभा पाहून समाधान नव्हते, तो मैदानातही पाहावयाचा होता, हे यावरून दिसते.

व्यापाराचे महत्त्व किती होते याचा एक मासला सांगतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाविषयी लिहिले आहे की, त्याने समुद्रावरील चाच्यांशी करार केला होता. लुटीतील इतर मालावर चाच्यांचा हक्क, पण जे घोडे सापडतील ते सर्व राजाचे. स्वतःच्या किनाऱ्यावर चाचेगिरी चालू देण्याइतकी घोड्याची भूक मोठी होती! पुढे गोवे बंदर पोर्तुगीजांच्या हाती गेल्यावर विजयनगरास जाणाऱ्या अरबी घोड्यांचा व्यापार त्यांनी आपल्या मुठीत ठेवला व त्यावर आपली तिजोरी भरली.

इतक्या मोलाचे जनावर सरकारच्या पैशाने पोसावयाचे म्हटल्यावर त्याची ओळख पटविण्याची सोय करणे ओघानेच आले. रंगाचा खरा, व्यवहारातील उपयोग येथे सुरू होतो. अल्लाउद्दीन खिलजीने घोड्यांस डाग देण्याची पद्धत घातली, ती अकबराने सोळाव्या शतकात पुन्हा कडकपणे अमलात आणली. डाग आणि चेहरा, असे त्या पद्धतीचे दोन भाग होते. घोड्याच्या कातडीवर तापल्या लोखंडाची खूण, आणि कागदावर स्वार व घोडा या दोघांचे वर्णन. कारण उघड आहे. हजिरीच्या दिवशी उत्तम घोडा दाखवावयाचा, पगार उचलावयाचा, आणि मोहिमेवर मरतुकडे तट्टू घेऊन जावयाचे, हा लबाडीचा धंदा सर्व काळी सर्व सैन्यांत चालत आला आहे. ‘कुमाईत, कपाळी चांद, मागचा डावा पाय पांढरा’ असे एकदा लिहून ठेवले म्हणजे त्याच्या जागी सुरंग उभा करता येत नाही. शिवछत्रपतींच्या पागेत ही अडचण मुळातच कमी ठेवली होती, कारण बारगिराचा घोडा सरकारचा असे. शिलेदाराचा तेवढा स्वतःचा. सभासदाने या पागेची जी रचना दिली आहे तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तितक्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद अशी नेमणूक आहे. घोड्याच्या शुभाशुभ लक्षणांपेक्षा त्याच्या पाण्याची व नालेची तजवीज त्या व्यवस्थेत अधिक ठळक दिसते, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

ओळखीसाठी लिहिलेल्या या खुणांवर दैवाचा भार कधी चढला हे सांगणे कठीण आहे. बहुधा दोन्ही प्रवाह प्रारंभापासून शेजारी वाहत असावेत. शालिहोत्राच्या नावावर चालणाऱ्या ग्रंथपरंपरेत भोवऱ्यांचे केवढे तरी प्रस्थ आहे. गळ्यावरील भोवरा तो देवमणी, तो असला की इतर दोष झाकले जातात. उलट अमुक ठिकाणचा भोवरा धन्याचा घात करतो, इत्यादी. काही अश्वग्रंथकारांनी तर घोड्यांतही ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य व शूद्र असे चार वर्ण पाडून दाखविले आहेत! माणसाने आपल्या घरातील उतरंड तबेल्यापर्यंत नेली. घोड्यांनी ती मानली किंवा कसे, याची नोंद ग्रंथांत नाही.

या समजुतींची गंमत त्या एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे कळते. आपल्याकडे चारी पाय पांढरे असलेला पंचकल्याणी हा मंगल. लग्नाच्या वरातीस असा घोडा मिळाला तर वरपक्ष धन्य. इंग्लंडातील खेडुतांची समजूत याच्या नेमकी उलट. तेथे एक पाय पांढरा असेल तर घोडा निःशंक घ्यावा आणि चारी पांढरे असतील तर त्याच्या वाटेस जाऊ नये, कारण पांढऱ्या पायाचा खूर पांढरा आणि पांढरा खूर ठिसूळ, अशी त्यांची धारणा. फारसी अश्वग्रंथांत एकाच पांढऱ्या पायाचा घोडा ‘अर्जल’ म्हणून टाकाऊ ठरविलेला आहे. म्हणजे एकच घोडा सुएझच्या पलीकडे सुलक्षणी आणि अलीकडे अवलक्षणी. खुराच्या रंगावरून त्याचा टणकपणा ठरत नाही, असे आज पशुवैद्यक सांगते.

रंगाचा युद्धात जो खराखुरा उपयोग होता तो मात्र निर्विवाद आहे. घोडदळातील कर्णेवाला पांढऱ्या घोड्यावर बसे, कारण गर्दीत व धुळीत सेनापतीस तो चटकन सापडला पाहिजे. हुकूम द्यावयाचा तो त्याच्याच मुखाने. आपल्या राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दळात ही रीत आजही पाळली जाते. सारे घोडे कुमाईत, आणि कर्णेवाल्याचा तेवढा पांढरा. उलट प्रकारही घडला. स्कॉट्स ग्रेज ही ब्रिटिश पलटण आपल्या पांढऱ्या घोड्यांसाठी जगप्रसिद्ध. पण १९१४ साली फ्रान्सच्या रणभूमीवर हाच लौकिक जिवावर बेतू लागला, शत्रूस ते लांबून दिसत, म्हणून त्या घोड्यांस तांबडा रंग फासण्याचा हुकूम सुटला. सुंदर रंगाची ही अखेरची परवड म्हणावी लागेल.

आता मैदानाकडे वळू. ‘घोडामैदान जवळच आहे’ असे आपण बोलतो; त्यातील अर्थ हाच की, बोलण्याने काही सिद्ध होत नाही, पळविल्यावर होते. मराठ्यांच्या इतिहासात या म्हणीचा सर्वांत दारुण प्रत्यय महादजी शिंदे यांस आला. पानिपतच्या पराभवानंतर ते एका दख्खनी घोडीवर बसून दक्षिणेकडे निघाले. एका धिप्पाड, हाडकुळ्या घोड्यावरील अफगाणाने त्यांचा पाठलाग धरला. महादजी वेग वाढवीत, थोडे थांबत, आणि वळून पाहावे तो तो मागे आहेच. शेवटी एका खंदकाशी घोडी कोसळली. अफगाणाने गाठून परशूने त्यांच्या गुडघ्यावर वार केला, अंगावरील दागिने व घोडी घेतली, आणि ते मेले असे समजून तो निघून गेला. राणेखान नावाच्या पखालजीने त्यांस आपल्या बैलावर घालून वाचविले. महादजींचा पाय जन्माचा अधू झाला, आणि राणेखानास त्यांनी पुढे भाऊ मानून मोठ्या पदास चढविले. माल्कमने लिहून ठेवले आहे की, तो पाठीमागे येणारा घोडा व स्वार पुढे कित्येक वर्षे महादजींच्या स्वप्नात येत असत. त्या अफगाणाच्या घोड्याच्या रंगाचा उल्लेख आमच्या वाचनात नाही. तो लक्षात राहिला तो त्याच्या न थकणाऱ्या चालीमुळे.

इव्हेंटिंग हा खेळ नेमक्या याच भयातून जन्मास आला आहे. शांततेच्या काळात सेनापतीस आपल्या अधिकाऱ्याचा घोडा युद्धात टिकेल किंवा नाही हे कसे कळावे? प्रथम नुसत्या लांब पल्ल्याच्या शर्यती करून पाहण्यात आल्या. १८९२ साली बर्लिन व व्हिएन्ना या दोन राजधान्यांच्या दरम्यान जर्मन व ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी अशी दौड केली, आणि तीत कित्येक उमदे घोडे अक्षरशः धावून मेले. घोडा मारून पल्ला गाठणे ही परीक्षा नव्हे, हे त्या अनर्थाने शिकविले. १९०२ साली फ्रान्समध्ये लष्करी घोड्यांसाठी जी स्पर्धा सुरू झाली तीत आज्ञाधारकता, दम व उडी या सर्वांचा कस एकत्र लावण्यात आला, आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ‘मिलिटरी’ या नावाने ही कसोटी प्रथम आली. पंचावन्न किलोमीटरची रपेट, रानातून पाच किलोमीटर, शर्यतीच्या वाटेवरील अडथळे, मैदानातील उड्या, आणि अखेरीस संथ, शिस्तबद्ध चालींचे प्रदर्शन. पहिला आला तो स्वीडनचा अक्सेल नॉर्डलांडर.

या खेळाची आजची मांडणी थोडक्यात सांगणे बरे. पहिला भाग ड्रेसाज. त्यात घोड्याने कदम, दुडकी व दौड या चालींत, लगामाच्या व मांडीच्या अदृश्य इशाऱ्यावर, आखलेल्या आकृती काढावयाच्या. दुसरा भाग क्रॉसकंट्री. रानावनातून, ओंडके, चर, पाणी व उंचवटे ओलांडीत ठरलेल्या वेळात धावावयाचे. तिसरा शो जंपिंग, म्हणजे आदल्या दिवशीच्या श्रमानंतरही घोडा ताजा आहे व हलक्या पायांनी काठ्या न पाडता उडू शकतो, हे दाखवावयाचे. पूर्वी क्रॉसकंट्रीच्या आधी लांब रस्त्यांची वाट व शर्यत असे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून ती वगळली. मध्यंतरी पशुवैद्य व पंच घोड्यास हाती धरून दुडकीवर चालवून पाहतात. जरा लंगडला की बाद. तेथे स्वार कोणाचा कोण, हे विचारले जात नाही.

या परीक्षेचा कठोरपणा केव्हा केव्हा मर्यादेबाहेरही गेला आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चौथ्या अडथळ्याच्या पलीकडे एक तळे होते. त्यात उडी घेणारे घोडे व स्वार धडाधड कोसळले. स्पर्धेत उतरलेल्या पन्नासांपैकी सत्तावीसच शेवटपर्यंत पोचले आणि तीन घोडे प्राणास मुकले. जर्मन संघाचा फॉन वांगेनहाइम त्या तळ्यात पडून त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. तरीही तो पुन्हा स्वार झाला, दुसऱ्या दिवशी हात बांधलेल्या अवस्थेत उतरला, पुन्हा पडला, पुन्हा चढला, आणि त्याच्या संघास सुवर्णपदक मिळाले. स्वाराचे शौर्य मान्य. घोड्यास मात्र कोणी विचारले नव्हते. १९९९ साली एकट्या ब्रिटनमध्ये या खेळात पाच स्वार मरण पावले, तेव्हा कोठे अडथळ्यांच्या रचनेचा गंभीर फेरविचार झाला. जोराची धडक बसताच ओंडका खाली यावा, अशी खिळ्यांची योजना त्यानंतर आली.

या मैदानाने माणसांतील काही भेद मोडले, आणि तेही सहजासहजी नव्हे. प्रारंभी ऑलिंपिकमधील घोडेस्वारी लष्करी अधिकाऱ्यांचीच मिरासदारी होती. १९४८ साली ड्रेसाजमध्ये स्वीडनच्या संघास सुवर्णपदक मिळाले, पण त्यांतील गेनाल पेर्सन हा वस्तुतः सार्जंट असून त्यास स्पर्धेपुरते अधिकारी केले होते, हे उघडकीस आल्यावर पदक काढून घेण्यात आले. घोडा तोच, चाल तीच. खांद्यावरील पट्टी तेवढी चुकीची! चार वर्षांनी नियम बदलला आणि त्याच पेर्सनसह स्वीडनने पुन्हा सुवर्णपदक जिंकले. स्त्रियांची कथा याहून लांब. शीला विलकॉक्स हिने इंग्लंडातील बॅडमिंटन येथील मोठी स्पर्धा १९५७ ते १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे जिंकली, पण ऑलिंपिकमधील इव्हेंटिंगचे दार तिला बंद होते. ते १९६४ साली टोकियोत उघडले व अमेरिकेची लाना द्यू पाँ ही पहिली स्त्री त्यात उतरली. वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारी पहिली स्त्री, जर्मनीची यूलिया क्रायेव्स्की, हिला मात्र २०२१ साल उजाडावे लागले; तेही पुन्हा टोकियोतच.

मग या मैदानात रंगाचे काय झाले? शीला विलकॉक्सने पहिली दोन वर्षे ज्यावर जिंकली तो ‘हाय अँड मायटी’ समंद रंगाचा होता. न्यूझीलंडच्या मार्क टॉडचा ‘करिश्मा’ गडद, जवळजवळ काळा, आणि या खेळाच्या मानाने ठेंगणा. त्याने १९८४ व १९८८ अशी दोन ऑलिंपिक वैयक्तिक सुवर्णपदके मिळविली. जर्मनीच्या मिखाएल युंगचा कुमाईत ‘सॅम’ २०१२ व २०१६ साली तसाच जिंकला. पांढऱ्यांनीही नाव राखले. ‘ॲव्हबरी’ या सब्ज्याने २०१२ ते २०१४ अशी तीन वर्षे सलग बर्ली येथील स्पर्धा जिंकली. अथेन्सचा २००४ चा वाद तर दोन सब्ज्यांमधलाच. जर्मनीच्या बेटिना हॉय हिने ‘रिंगवुड कॉकाटू’वर बसून आरंभरेषा दोनदा ओलांडली, त्याबद्दल दंड झाला, मग माफ झाला, आणि अखेर क्रीडालवादाने तो कायम केल्यावर सुवर्णपदक तिच्याकडून जाऊन ‘शिअर लो’ या दुसऱ्या सब्ज्यावरील लेस्ली लॉ यास मिळाले. निकाल रेषेने लावला. रंग दोन्हीकडे एकच होता.

भारताचे नाव या खेळात झळकले ते १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत. घोडेस्वारी त्या स्पर्धांत प्रथमच घेण्यात आली होती. इव्हेंटिंगची वैयक्तिक तिन्ही पदके भारताकडे आली. रघुवीर सिंग पहिले, गुलाम महंमद खान दुसरे, प्रल्हाद सिंग तिसरे. आणि सांघिक सुवर्णही आपलेच. पुढे इंद्रजित लांबा १९९६ साली अटलांटास व मुंबईचे इम्तियाज अनीस २००० साली सिडनीस उतरले. त्यानंतर वीस वर्षे ऑलिंपिकमध्ये आपला कोणी घोडेस्वार दिसला नाही. बंगळूरच्या फवाद मिर्झा यांनी २०१८ साली जकार्ता येथे वैयक्तिक रौप्यपदक मिळविले आणि संघासही रौप्य मिळवून दिले. २०२१ साली टोकियोत ते तेविसावे आले. त्यांचा ‘सेन्योर मेडिकॉट’ हा घोडा पूर्वी ज्या स्वाराच्या हाताखाली तयार झाला आणि ज्या गुरूने त्यांस शिकविले, ती म्हणजे अथेन्सला पदक गमावलेली हीच बेटिना हॉय. २०२३ साली हांगचौ येथे ड्रेसाजमध्ये भारतास सांघिक सुवर्ण मिळाले, त्या चौघांत मुंबईचे हृदय छेडा होते.

घोड्यास रंग येतो कोठून, याचा उलगडा होण्याची कथाही चुरशीची आहे. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले, तेव्हा ते वाटाण्यांस लागू पडतील, पण उच्च प्राण्यांस पडतील काय, असा वाद इंग्लंडात पेटला. हर्स्ट नावाच्या संशोधकाने शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळीचे छापील ग्रंथ घेतले आणि दाखवून दिले की, आईबाप दोन्ही सुरंग असतील तर शिंगरू सुरंगच होते. कुमाईत आईबापांस मात्र सुरंग शिंगरू होऊ शकते. वेल्डन या नामांकित प्राणिशास्त्रज्ञास हे पटले नाही. त्या ग्रंथांतील अपवाद शोधण्यात तो रात्रंदिवस बुडाला, आणि १९०६ च्या एप्रिलात, काम अपुरे असतानाच, फुप्फुसदाहाने त्याचा अंत झाला. अपवाद होते, पण ते बहुतेक नोंदणाऱ्या कारकुनांच्या चुका होत्या. पुढे १९९६ साली सुरंग रंगास कारण होणारा जनुकातील फेरफार प्रत्यक्ष सापडला आणि हर्स्टचे म्हणणे खरे ठरले.

घोड्याच्या केसांत रंगद्रव्ये दोनच, काळे व तांबडे. काळे तयारच होत नसेल तर सुरंग. सर्वांगावर असेल तर मुश्की. आयाळ, शेपूट व पाय एवढ्यापुरतेच मर्यादित राहिले तर कुमाईत. सब्ज्याची गोष्ट मात्र न्यारी आहे. तो जन्मतः काळा किंवा तांबडा असतो, आणि सहा-आठ वर्षांत हळूहळू पांढरा होतो. २००८ साली स्वीडनमधील संशोधकांनी याचे कारण असलेला जनुकीय तुकडा शोधला, तेव्हा असे दिसले की, जगातील सर्व सब्जे घोडे हजारो वर्षांपूर्वीच्या कोणा एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. सम्राटांच्या आणि आमच्या गल्लीतील वरातीच्या घोडीचाही मूळपुरुष एकच! या पांढरेपणाची किंमतही आहे. पंधरा वर्षांवरील सब्ज्यांपैकी बहुसंख्यांस कातडीवर काळ्या गाठी होतात. ज्या रंगास आपण सर्वांत शुभ मानले, त्याच्याच पोटी हा रोग.

आणखी एक मौज. घोड्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. तांबडा व हिरवा हा भेद त्यास नीट कळत नाही. आपण ज्यास तांबडाबुंद सुरंग म्हणून वाखाणतो, तो त्याच्या शेजारच्या घोड्यास तसा दिसतच नाही.

अखेरीस त्या जुन्या चेहऱ्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण ती पद्धत मेलेली नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक घोड्यास माणसाप्रमाणे पारपत्र असते. त्यात घोड्याच्या दोन्ही बाजूंची, तोंडाची व पायांची रेखाकृती छापलेली असते. पशुवैद्य तीवर पांढरी चिन्हे तांबड्या शाईने भरतो आणि केसांचा प्रत्येक भोवरा फुलीने दाखवितो. मानेत सूक्ष्म चकती बसविण्याची पद्धत आल्यावरही ही रेखाकृती राहिलेली आहे. देवमणीस एक फुली, आसूढाळास एक फुली. रंगाच्या रकान्यात रंग. त्यापुढे शुभ किंवा अशुभ लिहिण्यास जागा ठेवलेली नाही.

सारंगखेड्याहून आम्ही निघालो तेव्हा दिवस कलला होता. तापीवरून गार वारा सुटला होता, नुकऱ्यांच्या तंबूंभोवती छायाचित्रे काढणाऱ्यांची दाटी होती, कोठे कोणी चाबूकस्वार ढोलाच्या तालावर घोडा नाचवीत होता. ती कुमाईत घोडी होती तेथेच होती. मालकाने सकाळी सांगितलेली किंमत निम्म्यावर आणली होती, तरी कोणी थांबत नव्हते. त्याने तिच्यापुढे कडबा टाकला आणि खरारा घेऊन तो तिची पाठ चोळीत बसला.